पाच लाखांचं कार्ड सर्वांना मिळालं, म्हणजे आरोग्यसेवा सर्वांना मिळाली का?

प्रश्नाचे तीन भाग आहेत. महात्मा फुले जन आरोग्य आणि आयुष्मान भारत या सरकारी योजनांतून महाराष्ट्रात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळणार असतील, तर सार्वत्रिक आरोग्यसेवा झालीच ना? सरकारनं विमा काढून द्यावा की स्वतः दवाखाने चालवावेत? आणि हे कार्ड हातात असताना खाजगी पॉलिसीचा हप्ता भरत राहायचा का?

आधी थोडक्यात सांगतो. पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर: पैसे सरकारनंच द्यावेत, पण ज्या सरकारकडे स्वतःच्या चांगल्या खाटा नाहीत आणि गावपातळीवर गोळ्या नाहीत, त्याचा विमाही टिकत नाही. तिसऱ्याचं उत्तर: ऐपत असेल तर पॉलिसी सोडू नका. आता कारणं.

योजना कुठून आली ते पाहिल्याशिवाय तिची मर्यादा कळत नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख अशी मर्यादा होती. पिवळी आणि केशरी शिधापत्रिका असलेलेच पात्र होते. पुढे मराठवाडा-विदर्भातल्या १४ अवर्षणग्रस्त जिल्ह्यांमधल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांचं संरक्षण देण्याचा निर्णय जुलै २०२३ चा, प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून. तेव्हा उपचारांची यादी १,३५६ ची होती आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख.

हे मोठं पाऊल आहे, आणि ते मनापासून मोठं मानायला हवं. पांढऱ्या कार्डाचा शिक्षक, दुकानदार, रिक्षाचालक हे लोक वर्षानुवर्षं ना गरिबांच्या यादीत बसत होते, ना खाजगी पॉलिसी त्यांना परवडत होती. एका बायपासनं त्यांची जमीन गहाण पडायची. पण यादीत काय आहे ते नीट वाचा. ती शस्त्रक्रियांची आणि भरती होऊन घ्यायच्या उपचारांची यादी आहे. ओपीडी त्यात नाही. भरती होण्याइतका आजार वाढला की योजना सुरू होते, आणि इथेच तिची मर्यादाही सुरू होते.

डायलिसिसचं उदाहरण घ्या. आठवड्याला तीन वेळा म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर खेपा. प्रत्येक वेळी साधारण चार तास यंत्रावर, आणि तालुक्याहून जिल्ह्याला जाण्या-येण्यात उरलेला दिवस. योजनेत डायलिसिस मोफत आहे. पण रुग्णाचा रोज बुडतो, सोबतच्याचाही बुडतो, एसटीचं भाडं दोघांचं लागतं, आणि घरी घ्यायच्या गोळ्या बऱ्याचदा बाहेरून आणाव्या लागतात. अशा कुटुंबाला 'तुमचे उपचार मोफत आहेत' असं सांगताना हा हिशेब समोर ठेवायला हवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणं मधुमेह आणि रक्तदाब. दोन्ही आजार दहा-पंधरा वर्षं आधीच शरीरात असतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन या दोन गोळ्या रोज, न चुकता मिळाल्या असत्या आणि वर्षातून दोनदा लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं गेलं असतं, तर त्यातले बरेच रुग्ण यंत्रापर्यंत पोचलेच नसते. एक-दोन रुपयांच्या गोळीला योजनेत जागा नाही, आणि ती गोळी न मिळाल्यामुळे लागणाऱ्या डायलिसिसला आहे. यात योजना चालवणाऱ्यांचा दोष नाही. विम्याची रचनाच अशी असते: क्वचित घडणाऱ्या, मोठ्या खर्चाच्या घटनेसाठी ती बनलेली असते. रोज लागणारी, सर्वांना लागणारी, स्वस्त गोष्ट विम्यातून द्यायला गेलं तर कागदपत्रांचाच खर्च गोळीपेक्षा जास्त होतो. ती थेट पुरवठ्यानंच द्यावी लागते, म्हणजे उपकेंद्रातून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून. मापदंड असा आहे: सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. भोर समितीनं १९४६ मध्ये याच पायऱ्यांचा आराखडा दिला होता, आणि पैसे देता येत नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत हे तिचं पहिलं तत्त्व होतं.

आता विम्याचं गणित, कारण 'सरकार यात कशाला हवं, लोक आपापला विमा काढतील' हा युक्तिवाद नेहमी होतो. समजा एका गावात १,००० कुटुंबं आहेत. वर्षात ५० घरांत कुणीतरी भरती होतं आणि सरासरी बिल ४०,००० येतं. एकूण २० लाख, म्हणजे प्रत्येकी २,००० रुपयांत गाव सुरक्षित. पण सक्ती नसेल तर तरुण, निरोगी ३०० कुटुंबं म्हणतात, 'आम्हाला काय होतंय, आम्ही बाहेर.' त्यांच्यात भरती होणारी फक्त तीनच असतात. उरल्या ७०० कुटुंबांत ४७ भरती, खर्च १८ लाख ८० हजार, म्हणजे प्रत्येकी जवळपास २,७००. हप्ता वाढला म्हणून आणखी निरोगी लोक बाहेर पडतात. शेवटी आजारीच उरतात आणि त्यांनाच हप्ता परवडत नाही. कंपनी मग दुसरा मार्ग धरते: आजारी माणसाला दारातच अडवायचं, किंवा आधीपासूनच्या आजारासाठी थांबा लावायचा, म्हणजे त्याचा दावा पहिली काही वर्षं द्यायचा नाही. कंपनीच्या जागी कोणीही असतं तरी हेच केलं असतं. म्हणून जगात जिथे जिथे सर्वांना आरोग्यसंरक्षण आहे तिथे एकतर करातून पैसा येतो, नाहीतर विमा सक्तीचा असतो आणि गरिबांचा हप्ता सरकार भरतं. केवळ स्वेच्छेच्या बाजारातून सार्वत्रिक संरक्षण आल्याचं उदाहरण दाखवता येणार नाही.

मार्ग मात्र वेगवेगळे आहेत. जर्मनीनं १८८३ मध्ये कामगारांच्या सक्तीच्या आजारविम्यानं सुरुवात केली. तिथे आजही पैसा पगारातून आणि मालकाकडून येतो. आपली कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, त्याच कुळातली: १९४८ च्या कायद्यातून जन्मलेली, महिना २१,००० पर्यंत वेतन, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. तिच्यात ओपीडीही आहे, हे विसरू नका. ब्रिटननं ५ जुलै १९४८ पासून करातून पैसा आणि सरकारी रुग्णालयं असा मार्ग घेतला. कॅनडात बहुतेक डॉक्टर स्वतंत्र व्यवसाय करतात, पण बिल प्रांताचं सरकार भरतं; १९८४ च्या कायद्यानंतर रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ देणाऱ्या प्रांताचं केंद्रीय अनुदान तेवढ्यानं कापलं जातं. अमेरिकेत वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी १९६५ पासून सरकारी योजना आहेत, बाकीचे बहुतेक नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्चूनही काही कोटी लोक विम्याबाहेर राहतात.

आपल्यासाठी यांपैकी कुणापेक्षाही थायलंड जवळचा. त्यानं २००२ मध्ये सर्वांसाठी योजना आणली, दर भेटीला ३० बाहत अशी नाममात्र फी ठेवून. लोक या ३० बाहतची गोष्ट सांगतात, पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. आधीची दोन दशकं त्या देशानं ग्रामीण जिल्ह्यांत रुग्णालयं उभारली आणि नव्या डॉक्टरांना तिथे सक्तीनं काम करायला लावलं. मग २००२ मध्ये ओपीडीचे पैसे माणशी ठरावीक रक्कम म्हणून त्या भागातल्या रुग्णालयाच्या जाळ्याला द्यायला सुरुवात केली. माणूस निरोगी राहिला तर रुग्णालयाचा फायदा, कारण रक्कम तीच राहते. भरतीच्या उपचारांचे पैसे आजाराच्या गटानुसार आणि वर्षाच्या एकूण मर्यादेत. म्हणजे आधी आड खणला, मग पोहरा सोडला. आपण पोहरा सर्वांना वाटला आणि आडाकडे पाहायचं राहून गेलं.

आता दरांकडे, कारण योजना मोडते ती बहुधा इथे. प्रत्येक उपचाराला पॅकेज दर, म्हणजे योजनेतून रुग्णालयाला मिळणारी एकरकमी रक्कम, ठरलेला आहे. तो दर कमी असला तर काय होतं? चांगली मोठी रुग्णालयं योजनेत येत नाहीत. जी येतात त्यांतली काही फक्त फायद्याच्या शस्त्रक्रिया घेतात, गुंतागुंतीचा रुग्ण 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून पुढे पाठवतात. काही योजनेतला रुग्ण घेतात आणि औषधाची चिठ्ठी हातात देतात. दर जास्त असला तर उलटं: गरज नसताना शस्त्रक्रिया. आयुष्मानच्या आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत, जी २००८ मध्ये ३०,००० रुपयांच्या मर्यादेनं सुरू झाली होती, छत्तीसगड आणि बिहारमध्ये अनावश्यक गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया उघडकीला आल्या. त्यात तरुण बायका होत्या. विमा नसता तर त्यांचं गर्भाशय शाबूत राहिलं असतं, हे लिहितानाही जड जातं. म्हणून आता गैरवापराचा धोका असलेले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. ते योग्यच आहे, पण त्यासाठी सरकारी रुग्णालयात सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही हजर हवेत. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असेल तर राखीव उपचार म्हणजे 'मिळणार नाही' एवढाच अर्थ उरतो.

सरकारी खाटांचं दुसरं काम कमी लोकांच्या लक्षात येतं. खाजगी रुग्णालयाशी दराची घासाघीस करताना सरकारकडे 'नाही तर आम्ही करू' असं म्हणण्याची ताकद तिथूनच येते. जिल्ह्यात अँजिओप्लास्टी करणारी एकच खाजगी कॅथलॅब असेल आणि सिव्हिलमध्ये ती नसेल, तर दर कागदावर सरकार ठरवतं, प्रत्यक्षात तो दुसरीकडेच ठरतो.

फसवणुकीबद्दल. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान योजनेचे जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडले. मोबाइल क्रमांक हा पात्रतेचा निकष नाही हे खरं, पण रुग्णाला पडताळणीचा फोन आणि संदेश त्याच क्रमांकावर जातो. क्रमांक चुकीचा म्हणजे त्याच्या नावावर किती पैसे उचलले गेले हे त्याला कळायची वाटच बंद. म्हणून नोंदणीच्या वेळी स्वतःचा चालू क्रमांक लावून घ्या, 'कुठलाही टाका' म्हणू नका.

नोंदणीचा विषय निघालाच आहे तर हे काम आजार येण्याआधी करून ठेवा. आधार आणि शिधापत्रिका, दोन्हींवरचं नाव सारखं हवं. 'सुनंदा' आणि 'सुनंदाबाई' एवढ्या फरकानंही ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, अडकते. शिधापत्रिकेचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक तहसीलच्या पुरवठा शाखेतून काढून घ्या. पांढऱ्या कार्डांची मोठी अडचण हीच आहे, की कार्ड कपाटात असतं पण ऑनलाइन नोंद नसते. लग्न होऊन आलेली सून आणि नवं बाळ यांची नावं चढवली आहेत का तेही पाहा. मग आपले सरकार केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, कार्ड काढता येतं. कार्ड काढायला पैसे लागत नाहीत.

प्रत्यक्ष भरतीच्या वेळी काय घडतं ते एका रुग्णावर दाखवतो. घरातल्या आजी न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्राचं टेबल असतं. तो कागद पाहून नोंदणी करतो, डॉक्टर तपासून एक्स-रे काढतात, रुग्णालय पोर्टलवर मंजुरी मागतं, मंजुरी आली की ऑपरेशन. आणीबाणी असेल तर फोनवरून पूर्वसूचना देऊन भरती करून घेण्याची सोय आहे. कागद मागून दिले तरी चालतात. पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, सर्जन, भूल, तपासण्या, रक्त, बसवायचा कृत्रिम भाग, जेवण, घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि परतीचं भाडं एवढं सगळं धरलेलं असतं.

गळती होते ती चार ठिकाणी. पहिली, मंजुरीच्या आधीच्या तपासण्या: एक्स-रे, रक्त, भुलेसाठी इको. त्यांचं बिल लावलं जातं आणि 'तेव्हा मंजुरी नव्हती' असं सांगतात. निदान योजनेतल्या आजाराचं ठरून त्याच कारणासाठी भरती झाली असेल तर त्या तपासण्या पॅकेजमध्येच मोडतात. पावती जपून ठेवा आणि आरोग्यमित्राला दाखवून परत मागा. दुसरी, 'मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट भरा.' भरावंच लागलं तर पक्की पावती घ्या, साध्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. तिसरी, 'योजनेतला सांधा हलका, चांगला बसवायचा तर वरचे पैसे.' असा वरचा भरणा योजनेत बसत नाही. ज्या दर्जाचा सांधा वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे तो पॅकेजमध्येच द्यायचा असतो. चौथी सगळ्यांत मोठी, आणि ती कुणाची लबाडीही नाही: ऑपरेशननंतर तीन महिने आजींना चालवायला फिजिओथेरपिस्ट आणि घरी सांभाळायला माणूस लागतो. दहा दिवसांनंतर योजनेचं खातं बंद होतं.

रुग्णालयानं 'योजना बंद आहे', 'कोटा संपला' असं सांगितलं तर तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकांवर फोन लावा. आयुष्मानसाठी १४५५५ आहे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. रुग्णालयाचं नाव, वेळ, कोणत्या टेबलावर कोण काय म्हणालं हे लिहून ठेवा. त्यानंतर जिल्हा समन्वयक आणि जिल्हा शल्यचिकित्सक. डिस्चार्ज झाल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा भरतीच्या वेळी केलेला फोन कितीतरी जास्त उपयोगी पडतो, कारण पैसे गेले नसतात आणि रुग्णालयाला मंजुरी हवी असते.

योजनेत न बसणाऱ्या आजारासाठी आणखी दोन दारं आहेत, आणि तीही सरकारच्या भूमिकेचाच भाग आहेत. एक, १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा, महिला आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळीकडे केस पेपरपासून सगळं मोफत आहे, कुठल्याही कार्डाची अट न घालता. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं वेगळ्या खात्यांकडे असल्यानं तिथे दर वेगळे असू शकतात. दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. यासाठी रुग्णालय बाकीच्या सर्व रुग्णांच्या बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन थेट वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, बिलिंगच्या खिडकीवर वाद घालू नका. आणि आणीबाणीत डिपॉझिट मागितल्याशिवाय भरती करून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अनेक नामांकित रुग्णालयं धर्मादाय आहेत हे रुग्णांना बिल हातात पडेपर्यंत माहीत नसतं.

आता खाजगी पॉलिसी. कार्ड सर्वांना मिळालं तरी तुम्हाला हवं ते रुग्णालय योजनेत असेलच असं नाही, आणि असलं तरी तुमचा आजार त्या रुग्णालयाच्या मंजूर शाखांमध्ये असेलच असं नाही. हृदयरोगासाठी नोंदलेलं रुग्णालय कर्करोगासाठी नोंदलेलं नसू शकतं. शिवाय एका भरतीत सरकारी पॅकेज आणि खाजगी पॉलिसी जोडता येईल असं धरून चालू नका. एकच निवडावं लागतं. म्हणून मध्यमवर्गीय घरानं मूळ पॉलिसी चालू ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठीचा थांबा जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आणि सलग पाच वर्षं हप्ता भरल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं' म्हणून दावा नाकारता येत नाही. मधुमेह असेल तर अर्जात लिहा. एजंट 'लिहू नका, हप्ता वाढेल' म्हणाला तरी लिहा.

पॉलिसीत सगळ्यांत जास्त पैसे जातात ते खोलीच्या मर्यादेत. समजा पाच लाखांची पॉलिसी, खोलीची मर्यादा एक टक्का म्हणजे रोज ५,०००. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस. बिल आलं २ लाख ४० हजार: खोली ४०,०००, सर्जन-भूल-ओटी-व्हिजिट १ लाख २० हजार, औषधं आणि बसवलेले भाग ८०,०००. लोकांना वाटतं आपल्या खिशातून खोलीचा फरक १५,००० जाईल. पण कंपनी खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांश देते. १ लाख २० हजारांतले ४५,००० तिथे कापले जातात. एकूण कपात ६०,०००. औषधं आणि बसवलेल्या भागांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. लावली असेल तर लेखी हरकत घ्या. पॉलिसी घेताना 'खोलीवर मर्यादा नाही' ही एक अट दोन-तीन इतर आकर्षक सवलतींपेक्षा मोलाची आहे.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, पाच लाखांचं, आणि खाजगी पॉलिसी असली तरी निघतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंतलं एक निवडावं लागतं.

पुन्हा मूळ वादाकडे. हक्क म्हणून आरोग्य मान्य केलं तरी बिल कुणी भरायचं हा प्रश्न राहतोच. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या एका जखमी मजुराच्या प्रकरणात, सरकारी रुग्णालयानं तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ चा भंग, असं सांगितलं. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खाजगी डॉक्टर संपावर गेले. त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता, की तातडीचे उपचार आम्ही द्यायचे तर पैसे कोण, केव्हा आणि किती देणार? हा आक्षेप हेटाळणीनं बाजूला सारण्यासारखा नाही. आयुष्मानमध्ये राज्यातल्या दाव्याचे पैसे १५ दिवसांत द्यायचं ठरलेलं आहे. ते महिनोन्‌महिने अडकले, तर ३० खाटांचं छोटं रुग्णालय कर्मचाऱ्यांचे पगार कुठून करणार? मोठं रुग्णालय तग धरतं, छोटं बाहेर पडतं, आणि तालुक्यातल्या रुग्णाला पुन्हा शहर गाठावं लागतं.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. घट खरी आहे, पण ते करोनाचं वर्ष होतं आणि लस-औषधांवर सरकारनं एरवीपेक्षा जास्त खर्च केला होता. त्या वर्षी सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. वाढीव पैसा कुठे घालायचा असं विचारलं तर माझं मत स्पष्ट आहे: कार्डाची मर्यादा पाचाची दहा लाख करण्याआधी, प्राथमिक केंद्रातल्या औषधांचा साठा वर्षभर पुरेल अशी खरेदी आणि ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या जागा. दहा लाखांची घोषणा वर्तमानपत्रात मोठी छापून येते. पण पाच लाख ओलांडणारी घरं थोडी, आणि रक्तदाबाची गोळी लागणारं माणूस जवळपास प्रत्येक घरात.

तमिळनाडूनं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातच औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभं केलं, गोदामं बांधली, आणि प्रत्येक केंद्राला पासबुकासारखी हिशेबाची वही दिली, ज्यात त्याच्या वाट्याचं किती शिल्लक आहे ते दिसतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये कायदा करून असंच खरेदी प्राधिकरण स्थापलं आहे. ते नीट चाललं की नाही हे मंत्रालयात जाऊन पाहायची गरज नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा जा आणि तिथल्या फार्मासिस्टला चार गोष्टी विचारा: अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या आणि साप-विंचवाच्या विषावरचं औषध. किती आहे, किती दिवस पुरेल, मागणी कधी पाठवली. उत्तरं तारखेसह लिहून ती रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत वाचा. तीन महिने सलग 'शिल्लक नाही' अशी नोंद झाली, की तीच वही तालुका आरोग्य अधिकाऱ्यापुढे ठेवता येते.